कागदावरची मालकीण आणि युरियाचा दिवा

(गोखिवरे इथल्या बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवताना बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



बोलवायला आलेल्या ताईंनी विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, 'युरियाचा दिवा.' त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, 'म्हणजे शेतीचं काही का?' शेतीशीही त्याचा संबंध आहे, तो पुढे येईल. पण मी बोलणार आहे डिझेलच्या मोटारगाडीबद्दल. गॅरेजवालीला बोलावलंत, तर ती आणखी कशावर बोलणार?

आधी जरा हात वर करा. घरातली गाडी कुणाकुणाच्या नावावर आहे? बरेच हात आहेत. आता त्यातल्या स्वतः गाडी कोण चालवतं? चार. आणि मीटरवर पिवळा दिवा लागला की गॅरेजवाल्याशी बोलायला कोण जातं? एकही हात नाही. हसू नका, माझा विषय इथूनच सुरू होतो.

बाईच्या नावावर कर्ज घेतलं की काही बँका व्याजात थोडी सूट देतात. म्हणून कर्ज तिच्या नावावर, आरसी बुकात नाव तिचं, हप्ता चुकला तर फोनही तिलाच. पण गाडी बिघडली की बोलणी दुसरेच करतात. ती कागदावरची मालकीण.

माझ्या गाळ्यावर एक बाई आली होती. नवरा गेल्यावर त्याची टुरिस्ट गाडी विकून टाक असं सगळे सांगत होते, तिने ती स्वतः चालवायला घेतली. पहाटे वसईहून विमानतळ, दुपारी परत. एक दिवस वर्सोवा पुलाच्या अलीकडे दिवा लागला आणि मीटरवर अक्षरं आली, की इतक्या किलोमीटरनंतर गाडी पुन्हा सुरू होणार नाही. तिने पंपावरून युरियाचा डबा घेऊन ओतला. दिवा तसाच. किलोमीटरचा आकडा उतरत चाललेला. एका वर्कशॉपमध्ये गेली, तर तिथे सांगितलं, 'कॅटॅलिस्ट गेला, एक लाख दहा हजार.' तिने विचारलं, कशावरून गेला? उत्तर मिळालं, 'तुम्हाला नाही कळायचं, घरातल्या कुणाला तरी घेऊन या.' घरात आणायला कुणी नव्हतं. ती माझ्याकडे आली ती स्वस्तात करून द्या म्हणून नव्हे. म्हणाली, 'ताई, करा नाहीतर करू नका, पण मला कळेल असं सांगा.'

त्या गाडीचा कॅटॅलिस्ट ठणठणीत होता. युरिया फवारणाऱ्या इंजेक्टरच्या तोंडावर पांढरे खडे साचले होते. कोमट पाणी, नवी गॅस्केट आणि एक दुपार, एवढंच काम निघालं.

तिला जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगते.

डिझेल इंजिनात खूप उष्णता आणि दाब असतो. त्या तापात हवेतलाच नायट्रोजन जळून त्याचे ऑक्साइड तयार होतात. ते छातीत जातात, दम्याच्या माणसाला त्रास देतात आणि उन्हात त्यांच्यापासून ओझोन होतो, तोही श्वासाला वाईट. वसई फाट्यावर, महामार्गाच्या कडेला भाजी घेऊन बसणाऱ्या, चहाची टपरी चालवणाऱ्या बाया हा धूर दिवसभर घेतात. काच वर करून जाणारा घेत नाही. डिझेलच्या एकूण धुरालाच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली कर्करोगकारक म्हणून पहिल्या गटात घातलं आहे. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले. डिझेल मोटारीला किलोमीटरमागे या ऑक्साइडची २५० मिलिग्रॅम सूट होती, ती ८० वर आली. १ एप्रिल २०२३ पासून ही मोजणी प्रयोगशाळेबरोबर रस्त्यावरही होऊ लागली. तेव्हापासून बऱ्याच डिझेल मोटारींना युरियाची टाकी आली. एक्सयूव्ही ७००, स्कॉर्पिओ-एन ही नावं तुम्हाला माहीत असतील, त्यांच्या डिझेल गाड्यांत ती आहे.

या टाकीतल्या पाण्याला पुस्तकात डीईएफ म्हणतात, म्हणजे डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड. काही जण ॲडब्लू म्हणतात, ड्रायव्हर लोक सरळ युरिया म्हणतात. यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी, दुसरं काही नाही. टाकीतला पंप ते दाबाने पुढे ढकलतो, सायलेन्सरच्या नळीवर बसवलेला इंजेक्टर ते गरम धुरात फवारतो. उष्णतेने युरियाचा अमोनिया होतो. पुढे कॅटॅलिस्टचा डबा असतो; त्यात अमोनिया आणि ते ऑक्साइड एकमेकांना भेटतात आणि बाहेर साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ पडते. डब्याच्या आधी आणि नंतर ऑक्साइड मोजणारे सेन्सर असतात, त्यांना नॉक्स सेन्सर म्हणतात. गाडीचा कॉम्प्युटर दोन्ही आकडे बघतो. आत इतकं आलं, बाहेर इतकं गेलं, मधे पुरेसं कमी झालं नाही, की दिवा.

आता नीट ऐका. स्कॅनर लावला की अशा वेळी बहुतेकदा पी२०ईई हा कोड येतो. त्याचा अर्थ 'कॅटॅलिस्टची कार्यक्षमता ठरलेल्यापेक्षा कमी'. कागदावर हे वाचलं की मिस्त्री म्हणतो, कॅटॅलिस्ट गेला. पण कोड तसं म्हणतच नाही. तो फक्त म्हणतो, काम झालं नाही. युरिया पाणचट असेल तरी काम होणार नाही. पंपाचा दाब कमी असेल, इंजेक्टर तुंबला असेल, सेन्सर खोटं बोलत असेल, नळी कुठे फुटकी असेल, तरी होणार नाही. कॅटॅलिस्ट रांगेत शेवटी उभा आहे म्हणून त्याच्या नावावर बिल फाडायचं! घरात आमटी बिघडली की जिच्या हातात पळी तिच्यावर खापर, मग मीठ कुणीही टाकलेलं असो. हा न्याय आपल्याला नवा नाही.

म्हणून माझ्या गाळ्यात तपासणी महाग भागापासून सुरू होत नाही. आधी मी विचारते: काय ओतलं, कुठे ओतलं, कधी ओतलं, डबा कधीचा होता? निम्म्या वेळा उत्तर इथेच मिळतं. डीईएफ उन्हात टिकत नाही. २५ अंशांत ठेवलं तर ते दीड वर्ष चांगलं राहतं, ३५ अंशांत सहा महिने. आपल्या पत्र्याच्या गाळ्यात मे महिन्यात काय होत असेल ते तुम्हीच सांगा. म्हणून डब्यावरची तारीख बघा, सील बघा, आयएसओ २२२४१ हा आकडा बघा.

मग झाकण उघडायचं. झाकणाभोवती थोडे पांढरे खडे असले तर घाबरू नका, पाणी उडून गेलं की मागे युरिया राहतो. वर तेलकट तवंग दिसला किंवा डिझेलचा वास आला तर मात्र काम थांबवायचं. डिझेलने आतल्या रबराच्या सीला फुगतात आणि मग सगळी टाकीच बदलायची पाळी येते. उलटी चूक आणखी वाईट. युरिया डिझेलच्या टाकीत गेला, तर चावी फिरवूसुद्धा नका, चावी लावली की डिझेलचा पंप चालू होऊन ते इंजेक्टरपर्यंत जातं. टोइंग बोलवा आणि टाकी उतरवून धुऊन घ्या. पंपावर झाकणं जवळजवळ असतात, एक निळं, एक काळं. पोरगा फोनवर बोलत भरत असेल तर खाली उतरा आणि बघा. लाजायचं काही कारण नाही.

त्यानंतर रिफ्रॅक्टोमीटर. लहान दुर्बिणीसारखं असतं, काचेवर दोन थेंब टाकायचे आणि उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. ३२.५ च्या आसपास हवा. २० आला तर कुणीतरी पाणी घातलंय.

शेतीचा संबंध म्हणाले होते तो इथे. शेतकऱ्यासाठी सरकार युरियावर मोठं अनुदान देतं, ४५ किलोची गोणी कर सोडून २४२ रुपयांना मिळते. ती गोणी दुसरीकडे वळवून, नळाच्या पाण्यात विरघळवून, डब्यात भरून विकणारे लोक आहेत. २०१५ पासून शेतीच्या सगळ्या युरियाला कडुलिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला, त्यामागे ही चोरी थांबवणं हेही एक कारण होतं. ते तेल, नळाच्या पाण्यातला चुना, सगळं जाऊन कॅटॅलिस्टवर बसतं. मग मात्र कॅटॅलिस्ट खरोखरच जातो. म्हणजे वीस लिटरमागे चारशे-पाचशे रुपये वाचवायला गेलेल्या गाडीला लाखाचं बिल येतं, आणि तिकडे खताच्या दुकानासमोर आपल्याच बायका रांगेत उभ्या असतात.

युरिया बरा निघाला तर स्कॅनर. कोड एकच वाचून थांबायचं नाही, सगळे वाचायचे. दाब कमी असल्याचा पी२०ई८ सोबत असेल तर आधी पंप, फिल्टर, नळी बघायची. द्रवाच्या दर्जाचा पी२०७एफ असेल तर पुन्हा टाकीकडे. पातळीच्या सेन्सरचा पी२०३बी असेल तर टाकी भरलेली असूनही दिवा का जात नाही ते कळतं. कोड पुसायच्या आधी ते लिहून घ्या, फोनवर फोटो काढा. पुसले की पुरावा गेला. पुराव्याचं महत्त्व या खोलीत मी कुणाला सांगायला नको.

मग वायरिंग. आपल्या भागात याला फार महत्त्व आहे. २०१८ च्या जुलैत वसई-विरार पाण्यात होतं, गाड्या दिवसचे दिवस बुडालेल्या होत्या. तेव्हापासून पावसाळा संपला की आमच्याकडे कनेक्टरचीच कामं येतात. युरिया स्वतःही चोरटा आहे: फटीतून कनेक्टरमध्ये शिरतो, वायरीच्या आतून चढत जातो आणि तांबं खातो. कनेक्टर उघडल्यावर पांढरा किंवा हिरवा थर दिसला तर पुसून परत बसवणं म्हणजे महिन्याभरात तीच गाडी परत येणं. ती वायर बदलावी लागते. बॅटरी काढायची घाई करू नका. गाडी बंद केल्यावर पंप नळीतला युरिया उलटा ओढून टाकीत नेतो, तो मिनिट-दोन मिनिटं चालतो. मधेच बॅटरी काढली तर युरिया नळीत राहतो आणि तिथेच खडे होतात.

इंजेक्टर काढून मोजपात्रात फवारून बघायचा. स्कॅनरवरून हुकूम द्यायचा, किती मिली पडलं ते गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडायचं. फवारा सारखा आहे की धार लागतेय, हे डोळ्यांनी दिसतं. खडे असतील तर कोमट पाण्यात भिजत ठेवायचा. तारेने, पिनेने कोरायचं नाही, भोक मोठं झालं की इंजेक्टर कामातून गेला. पितळी भांडं वापरायचं नाही. आणि स्वयंपाकघरातली बाटली किंवा नरसाळं तर नकोच. ते गाडीला वाईट आणि नंतर त्यातून पाणी पिणाऱ्या पोरालाही.

खडे का होतात, हेही विचारा. शाळेची व्हॅन, दवाखाना, बाजार, घर, अशी दोन-दोन किलोमीटरची फेरी असेल तर सायलेन्सर तापतच नाही. साधारण दोनशे अंशांच्या खाली फवारलेल्या युरियाचा नीट अमोनिया होत नाही, चिकटा होतो. अशा गाडीला आठवड्यातून एकदा महामार्गावर अर्धा तास चालवा. इंजेक्टर धुऊन गाडी परत त्याच फेऱ्यांना लावली, तर मी पुन्हा बिल करणार.

नॉक्स सेन्सरवर मी जरा थांबते, कारण तिथे मी स्वतः चुकले आहे. एका ताईची गाडी होती, पोळीभाजीचे डबे पोचवणारी. मागच्या सेन्सरचा आकडा सारखा वर. मी सेन्सर बदलला. महागडा भाग असतो तो. चार दिवसांत दिवा परत. पुन्हा बघितलं तर सायलेन्सरच्या जोडावरचा क्लॅम्प ढिला होता, बाहेरची हवा आत ओढली जात होती आणि सगळी मोजणीच चुकत होती. शंभर रुपयांचा क्लॅम्प. सेन्सरचे अर्धे पैसे मी भरले. ती म्हणाली, 'जाऊ दे ताई.' जाऊ दे कसं? मी जर दुसऱ्याला विचारते की कशावरून, तर मलाही कुणी विचारायला हवं. तेव्हापासून आधी जोडांवर साबणाचं पाणी, मग सेन्सर. दुसरी एक गंमत म्हणजे या सेन्सरला अमोनिया आणि नॉक्स यांतला फरक नीट कळत नाही. इंजेक्टर गळून युरिया जास्त पडला, तर मागून अमोनिया निसटतो आणि सेन्सर म्हणतो, नॉक्स वाढला. तेव्हा आकडा वर आहे एवढ्याने युरिया कमी पडतोय असं होत नाही, नेमकं उलटंही असू शकतं.

एवढं सगळं बघून झालं, सगळं ठीक निघालं, तर कॅटॅलिस्ट. तेव्हा तो बदलावा लागेल, आणि तेव्हा मी तुम्हाला तसं सांगेन.

आता त्या दुसऱ्या उपायाबद्दल. दिवा लागला की कुणीतरी भाऊ येतो आणि म्हणतो, 'वहिनी, दहा-पंधरा हजार द्या, युरियाची कटकटच बंद करून देतो.' सॉफ्टवेअर बदलतात किंवा एक डबी बसवतात, ती कॉम्प्युटरला सांगते की सगळं झकास चाललंय. दिवा जातो, पीयूसी पण मिळते, कारण डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराचा काळेपणा मोजतात. नॉक्स दिसत नाही, म्हणून तो मोजलाच जात नाही. फोक्सवॅगनने हेच मोठ्या प्रमाणावर केलं होतं. चाचणीच्या वेळी सभ्य आणि रस्त्यावर मोकाट अशा सॉफ्टवेअरच्या सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या जगभर निघाल्या, २०१५ साली अमेरिकेत ते उघडकीला आलं. त्यांच्याकडे दंड भरायला पैसा होता, वकील होते.

आपल्याकडे काय आहे? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि जबाबदारी गाडीच्या मालकाची. कलम १९० च्या दुसऱ्या पोटकलमात प्रदूषणाचे नियम मोडल्याबद्दल दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे. डबी बसवणाऱ्या भावाची पावती नसते. नाव सापडतं ते आरसी बुकातलं. म्हणजे कुणाचं? सुरुवातीला ज्यांनी हात वर केले होते त्यांचं.

मला एकीने विचारलं होतं, 'कंपनीच हप्त्यावर गाडी देते, मग इतकी नाजूक यंत्रणा कशाला देते? गरिबानेच का हवा स्वच्छ ठेवायची?' प्रश्न खरा आहे. स्कॅनरची कुलपं, पुस्तिका इंग्रजीतून, किलोमीटरचा उलटा आकडा शून्यावर आणायचं सॉफ्टवेअर कंपनीकडेच, यावर आपण बोललं पाहिजे. ग्राहक मंचात जायला पाहिजे. पण त्याचं उत्तर म्हणून वसई फाट्यावर बसलेल्या बाईच्या छातीत धूर सोडायचा, हे मला पटत नाही. ती काही कंपनी नाही.

गॅरेजमध्ये गेल्यावर काय म्हणायचं, ते सांगते. 'कोड कुठले आले, लिहून द्या. युरिया मोजला का, आकडा किती? पंपाचा दाब किती, हवा किती? काढलेला भाग मला परत द्या.' चार वाक्यं आहेत. पहिल्यांदा म्हणताना घसा कोरडा पडतो, माझाही पडायचा. समोरचा म्हणेल, साहेबांना फोन लावा. म्हणायचं, गाडी माझ्या नावावर आहे. १९८८ मध्ये परभणीच्या शीला डावरे पुण्यात रिक्षा चालवायला लागल्या, तेव्हा त्यांनाही रिक्षा भाड्याने द्यायला कुणी तयार नव्हतं. त्यांनी पुढे स्वतःची घेतली.

ते टेबल बघा. त्यावर रिफ्रॅक्टोमीटर आहे आणि तीन बाटल्या आहेत, नंबर घातलेल्या. एकीत सीलबंद डब्यातला चांगला युरिया आहे. एकीत पाणी घातलेला. तिसरीत मी नळाच्या पाण्यात गोणीतला युरिया घालून मुद्दाम ३२.५ चा आकडा बरोबर जमवलाय, म्हणजे ते यंत्रही फसेल. दोन-दोन थेंब घ्या, थेंब पडतील ते ओल्या फडक्याने पुसा. कुठली बाटली कुठली ते वहीत लिहा, आणि ज्या दोन्हींत आकडा सारखा येईल त्यांतली कुठली गाडीत ओताल आणि कशावरून, तेही लिहा. हातमोजे खाली पिशवीत आहेत.